वहीत न गेलेलं वाक्य

काकी,

पहिलं पान फाडून टाकलं. त्यावर मी लिहिलं होतं, 'तुझ्या जाण्याने फार मोठी पोकळी निर्माण झाली आहे.' शाई वाळायच्या आत तुझा आवाज आला, "केवढी गो? मोजलंस काय?" जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुझी मेल्यावरही गेलेली नाही. मी एकटीच हसले आणि हसता हसता रडले.

म्हणून आता तुझ्या पद्धतीने लिहिते. तू गुरुवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी गेलीस. आज अकरावा दिवस, रविवार. जेवणं झाली आहेत. तुझा मुलगा नंदू आतल्या खोलीत आडवा झालाय आणि मी तुझ्या टेबलाशी बसले आहे. समोर वही आहे, पण मी वहीत लिहीत नाहीये. सुट्या कागदावर लिहितेय. का, ते पुढे सांगते. क्रम सोडायचा नाही, हे तुझंच.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते. वाचणाऱ्याला माहीत असेल असं धरून कधी लिहायचं नाही, हेही तुझंच.

लालबागच्या आपल्या चाळीत तुमची खोली सत्तावीस, आमची अठ्ठावीस. मधली भिंत असून नसल्यासारखी. तुमच्या कुकरच्या शिट्ट्या माझी आई मोजायची आणि एखादी जास्त झाली तर भिंतीवर थाप मारायची. तू पोलिसात होतीस. ठाण्यावर तुला सगळे रायटर मॅडम म्हणायचे. कुठे घरफोडी झाली, कुठे कोणी गाडीखाली आलं, की साहेबांबरोबर जायचं, जागेवर जे दिसेल ते लिहून काढायचं, खाली दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. दिवसभर हे करून तू घरी यायचीस आणि पोट भरलं नसल्यासारखी चाळीचा पंचनामा लिहायला बसायचीस.

ती वही तू कधी सुरू केलीस ते मला आठवत नाही. मला कळायला लागलं तेव्हापासून ती होतीच. मजल्यावर काही घडलं, कोणाला गॅलरीतच कळा सुरू झाल्या, पाण्याची टाकी फुटली, गणपतीत कोणाचं नाटक पडलं, की ते वहीत. आणि रविवारी दुपारी बायका गॅलरीत तांदूळ निवडत बसल्या की तू ते मोठ्याने वाचायचीस. जे घडलं तिथे हजर असलेल्या दोन जणींनी 'होय, असंच झालं' म्हटलं तरच ते पान पक्कं. मग दोघींनी खाली कुंकवाचं बोट उमटवायचं. एकदा कोणीतरी शहाणी म्हणाली, विधवांनी हळदीचं बोट उमटवावं. दुसऱ्या दिवशी तू निळ्या शाईचं स्टॅम्पपॅड घेऊन आलीस आणि म्हणालीस, "आता सगळ्यांचो अंगठो निळो." त्यापुढची सगळी पानं निळी आहेत. आता तिसरी वही चालू आहे.

हळदीकुंकवाचं ते पान आठवतं? 'आम्ही खाली अंगठे करणार पंच, सदर मजल्याच्या गॅलरीत समक्ष हजर असता, तिळाच्या वड्या एक ताट, त्यापैकी कडेच्या दोन वड्या मोडक्या स्थितीत मिळून आल्या.' आख्खा मजला पोट धरून हसत होता आणि तू चष्म्यावरून बघत विचारत होतीस, "मोडक्या होत्या की नाय?" होत्या. मीच मोडल्या होत्या.

माझ्या हातात पेन दिलंस तेव्हा मी सहावीत होते. शाळेत 'मी पाहिलेला प्रसंग' लिहायला सांगितलं होतं. मी नळावरचं भांडण लिहिलं. 'आमच्या चाळीत भयंकर भांडण झाले आणि सर्वत्र हाहाकार माजला.' तू वाचलंस आणि कागद माझ्याकडे परत सरकवलास.

"भयंकर म्हणजे काय गो? कोणाची बादली फुटली?"

"चव्हाणबाईंची."

"मगे ता लिव. कोण होती, खंय होती, पयला काय झाला, मगे काय झाला. हाहाकार तू बघलंस?"

"नाही."

"मगे नको लिवू. आणि सगळ्यात शेवटी तुका काय वाटला, ता एक ओळ. एकच. ज्यास्त वाटला तर ता आपल्याकडे ठेव."

मी लिहिलं, चव्हाणबाईंची पिवळी बादली उभी चिरली आणि पाणी जिन्यावरून खाली गेलं, आणि मला त्या बादलीचं वाईट वाटलं. शाळेत बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. पुढे विमा कंपनीत लागले. तिथे माझं काम हेच. कुठे काय घडलं त्याचा अहवाल लिहायचा. एवढ्या वर्षांत माझा अहवाल कधी परत आला नाही. साहेब विचारायचे, कुठे शिकलात हो? मी म्हणायची, सत्तावीस नंबरमध्ये. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, 'साहेबाचा नाव काय? पंच कोण?'

आता तो दिवस. काकी, एवढी पानं लिहिलीस, टाकी लिहिलीस, वड्या लिहिल्यास, आणि तो एक दिवस लिहिला नाहीस. मग मी लिहिते. जे मी पाहिलं तेवढंच.

बी.ए.चा शेवटचा पेपर होता. अकरा ते दोन. दादरला एका शाळेत माझा नंबर लागला होता. आई परळला इस्पितळात होती, सोळा दिवस. पेपरांमुळे दोन दिवस मला जाता आलं नव्हतं. सकाळी उभ्याउभ्या जाऊन मी तिच्या कपाळाला हात लावला आणि निघाले. तिने डोळे उघडले होते. तू रात्रपाळी करून थेट तिथे आली होतीस, अजून वर्दीतच. मला म्हणालीस, "तू जा. मी आसंय." बाबा रक्ताची बाटली आणायला दुसऱ्या रक्तपेढीत जाणार होते. दोन वाजता पेपर दिला, बाहेर आले, तर फाटकाशी तू. टोपी काखेत, बुटाची एक नाडी सुटलेली. तू नाडी सुटू देणाऱ्यातली नाहीस. मला तिथेच कळलं.

शाळेचा शिपाई तुझ्या शेजारी उभा होता. मला म्हणाला, "पाऊण तास उभ्या आहेत ह्या. आत निरोप देऊ का विचारलं, तर नको म्हणाल्या."

तू माझे दोन्ही हात धरलेस आणि म्हणालीस, "आवशीन सांगितल्यान, पोरीचो पेपर पुरो होवंदे. मगे सांग."

त्या वाक्यावर मी जगले, काकी. आई गेल्याच्या दुःखात मला निदान एवढं होतं, की मी पेपर लिहीत होते ते तिच्या सांगण्यावरून. मी पास झाले तिच्या सांगण्यावरून. नोकरी लागली तेव्हा पहिला पेढा तिच्या फोटोपुढे ठेवताना मी मनात म्हटलं, पुरा केला गं.

आणि मग बाबा. त्यांच्या अखेरच्या वर्षात एकदा बोलता बोलता सहज बोलून गेले. "तुझी आई शेवटचे दोन दिवस बोललीच नाही गो. साडेअकरालाच डॉक्टर म्हणाले होते, मुलीला बोलावून घ्या. मी आलो तोवर एक वाजला होता, सगळं झालेलं."

साडेअकरा. परळहून दादर टॅक्सीने दहा मिनिटं.

त्या रविवारी मी तुझ्या दारात उभी राहिले तो माझा राग तुला आठवत असेल. मी विचारलं, "आई बोलली, की तू ठरवलंस?" तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता तेच वाक्य म्हणालीस. मी म्हटलं, "मग वहीत लिही. आत्ताच्या आत्ता लिही."

"नाय लिवता येत. एकच पंच होतो. मी."

"तू पोलीस आहेस, काकी! तुझा शब्द..."

"माझो शब्द माझ्याकडे. वहीत दोन अंगठे लागतत."

किती वर्षं भांडलो गं आपण ह्यावर. चाळ पाडली, आपण दोघींनी भाड्याच्या खोल्यांत तीन वर्षं काढली, तिथेही भांडलो. टॉवर उभा राहिला, तुला चौदावा मजला मिळाला, मला अकरावा, तरी रविवारी दुपारी जेवण झालं की मी वर यायचीच. गॅलरी गेली, तांदूळ निवडायचे गेले, वही ऐकायला येणाऱ्या बायका एकेक करून गेल्या. भांडण तेवढं टिकलं. मधे तू आईच्या हातची सोलकढी कशी असायची ते सांगायचीस, मी तुझ्या बीपीच्या गोळ्या मोजायची, आणि निघता निघता मी विषय काढायचीच. तू तेच वाक्य सांगायचीस. मी चपला घालून तणतणत खाली यायची.

एकदा तर मी तुला तुझ्याच शस्त्राने मारलं. तूच शिकवलं होतंस, की खरं सांगणाऱ्याचा जबाब दर वेळी थोडा हलतो. कधी आधीचं मागे होतं, कधी काही नवं आठवतं. चार वेळा विचारून शब्दाला शब्द तोच आला, तर समजायचं पाठ केलाय. मी म्हटलं, "काकी, इतकी वर्षं झाली, तुझ्या त्या वाक्यातला एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही." तू माझ्याकडे बघितलंस. खूप वेळ. (मोजला नाही, क्षमा कर.) मग म्हणालीस, "चाय ठेव."

मी चहा ठेवला. त्यात आलं जरा जास्तच ठेचलं.

मला तुझा राग होता आणि आहे. मी तिथे असते तर काहीही झालं नसतं, आई वाचली नसती, हे कळतं मला. पण तिचा हात माझ्या हातात असता. पेपर सहा महिन्यांनी पुन्हा देता आला असता, आई पुन्हा गेली नसती. हे मी तुला तोंडावर म्हटलं होतं. तू ऐकून घेतलंस. एका पोरीच्या आईने जाता जाता काय ठरवलं असतं, ह्याचा निवाडा तू एकटीने केलास, डॉक्टर समोर उभे असताना, बाबा नसताना. चुकलीस की बरोबर होतीस, मला आजही ठरवता येत नाही. पण केलास आणि तो माझ्या आईच्या तोंडात घातलास, म्हणजे मला कोणावर चिडताच येऊ नये, स्वतःवरही नाही. की तसं नव्हतंच? की ती खरंच बोलली होती? बघ, अजूनही मी विचारतेच आहे.

आता गुरुवार लिहिते.

चार दिवस तुला ताप होता. डॉक्टर म्हणाले, घरीच राहू द्या आता. सकाळी नऊला मी नंदूला बडोद्याला फोन केला. तो लगेच गाडी घेऊन निघाला. मी तुझी चूक केली नाही, काकी, मी कळवलं. तरी तो पोचला साडेचारला. दुपारी तुझा श्वास बदलला. मी तुझा हात धरून बसले होते. दोन वाजायच्या सुमाराला तू डोळे उघडलेस आणि अगदी स्पष्ट म्हणालीस, "खिडकी लाव गो, कबुतरां येतत." मी उठून खिडकी लावली. परत येऊन बसले. त्यानंतर तू बोलली नाहीस. घरात आपण दोघीच होतो.

साडेचारला नंदू आला. साठीला आलेला माणूस, केस पांढरे, आणि दारातच चपलांसकट खाली बसला. तुझ्या पायांना हात लावला आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "वैशू, माझं नाव काढलं का गं आईने?"

माझ्या तोंडात कबुतरं होती. खरं तेच होतं. कोण होती, कुठे होती, आधी काय झालं, मग काय झालं. सगळं माझ्याकडे क्रमाने तयार होतं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, "हो. म्हणाली, नंदूक सांग, सावकाश ये. घाई करू नको."

मला हे वाक्य शोधावंसुद्धा लागलं नाही.

तो रडला. मग उठून तोंड धुऊन आला. पुढचे दहा दिवस जो येईल त्याला सांगत होता, आई शेवटपर्यंत माझीच काळजी करत होती हो, सावकाश ये म्हणाली. मी चहाचे कप उचलत राहिले.

आज सकाळी त्याने वही माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "परवा तेरावं आहे. आपले जुने चाळकरी येतील. आईचं शेवटचं पान तू लिही. ती काय म्हणाली ते लिही आणि सगळ्यांसमोर वाच."

मी पेन हातात घेतलं. तारीख लिहिली. वार लिहिला. मग पेन खाली ठेवलं.

"नाही लिहिता येणार, नंदू."

"का?"

"मी एकटीच होते."

तो शेवटी रायटरचा मुलगा. लहानपणापासून ती वही ऐकत वाढलेला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. मला दिसलं कळलेलं. मला वाटलं आता हा उठेल, चिडेल, मी तुला विचारलं तसं मला विचारेल, आणि मला त्याला कबुतरांबद्दल सांगावं लागेल. मी तयार होते. खरंच तयार होते.

त्याने वही मिटून बाजूला ठेवली.

"बरं. नको लिहूस," तो म्हणाला. मग खाली बघत, "पण मला परत एकदा सांग ना. काय म्हणाली?"

मी सांगितलं. शब्दाला शब्द तेच. तो मान हलवत ऐकत राहिला, मग आत जाऊन झोपला. दहा दिवसांत पहिल्यांदा त्याला दुपारी झोप लागली आहे. इथवर घोरणं ऐकू येतंय.

काकी, मी इतकी वर्षं काय करत होते ते मला आज कळलं. मला वाटायचं मी भांडायला येते. तीन मजले चढून, दर रविवारी, बीपीच्या गोळ्या नि सोलकढीची निमित्तं काढून. ताकाला जाऊन भांडं लपवत होते मी, तेही स्वतःपासून. मी चिडून विचारायची, तू तेच वाक्य सांगायचीस, एकही शब्द न हलवता, आणि मी जिन्यावरून तणतणत उतरायची ती आईचा आवाज कानात घेऊन. पुढचा रविवार येईपर्यंत तो पुरायचा. तुला हे माहीत होतं का गं? माहीत असणारच. म्हणून तर कधी कंटाळली नाहीस, कधी 'किती वेळा सांगू' म्हणाली नाहीस. 'खोटं बोलले' असं म्हणाली असतीस तर मी तुला केव्हाच माफ केलं असतं, आणि मग मला यायला कारण उरलं नसतं.

बाबा गेले, आता तूही. त्या दिवसाबद्दल माझ्याशी बोलू शकेल असं ह्या जगात कोणी राहिलं नाही. मला आता दुसरा पंच नको आहे. वहीत लिहायलाही नको. मी भांडणार नाही, चहात आलं जास्त घालणार नाही, शब्द मोजणार नाही.

काकी, आई काय म्हणाली गं?